घरच्या लिनक्स सर्व्हरसाठी सुट्या भागांची निवड : प्रकल्प नोंदी, फेब्रुवारी ते जून २०२४

११ फेब्रुवारी २०२४, रविवार, चिपळूण

घरातील सगळी छायाचित्रे, शेतजमिनीचे जुने कागद आणि आजोबांच्या रोजनिशीची स्कॅन केलेली पाने गेली सहा वर्षे ज्या डेस्कटॉपवर आहेत, त्यातील फाइलींची मी आज बाहेरच्या हार्डडिस्कवरील जुन्या प्रतीशी पडताळणी केली. एसएचए-२५६ चे चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला, तिची ओळख पटवणारा आकडा) काढून दोन्ही याद्या जुळवल्या तेव्हा सुमारे ४१,००० फाइलींपैकी ११ फाइली जुळल्या नाहीत. त्यांची तारीख तीच होती, आकारही तोच होता, मात्र फाइल उघडल्यावर पानाचा खालचा भाग करडा दिसत होता किंवा त्याचे रंग सरकलेले होते. आठ फाइलींची जुनी प्रत शाबूत निघाली. उरलेल्या तीन फाइली दोन्ही ठिकाणी बिघडलेल्या आहेत, आणि त्या तिन्ही रोजनिशीच्या आहेत. रोजनिशीच्या मूळ वह्या २२ जुलै २०२१ च्या पुरात तळमजल्यावर होत्या, त्यामुळे ती पाने आता कागदावरही उरलेली नाहीत.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते तो स्मार्ट अहवाल स्वच्छ असल्यामुळे मी रॅम तपासणारे मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवले. तिसऱ्या फेरीत एकाच पत्त्यावर एक बिट चुकीचा वाचला गेला आणि पाचव्या फेरीत त्याच पत्त्यावर तो पुन्हा चुकला. फाइली एका डिस्कवरून दुसरीवर नेताना त्या याच रॅममधून गेल्या होत्या. यंत्राने एकदाही तक्रार केली नाही, ही गोष्ट मला सर्वांत अधिक लागली. नवे यंत्र बांधायचे हे आज ठरले, आणि त्याने चूक झाल्यास ती सांगितली पाहिजे ही त्याची पहिली अट राहील.

१७ फेब्रुवारी, शनिवार

या सर्व्हरवर सांबाद्वारे फाइली वाटणे, दोन लॅपटॉप आणि चार फोन यांचा रात्रीचा बॅकअप घेणे, आणि छायाचित्रांची सूची ठेवणे एवढीच कामे असतील. आजचा कोणताही प्रोसेसर यासाठी पुरेसा आहे. म्हणून प्रोसेसरपासून सुरुवात न करता, या घरात गेल्या दहा वर्षांत कोणकोणत्या वस्तू बिघडल्या त्याची मी आधी यादी केली. दोन एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारे भाग), राउटरचा एक अडॅप्टर, विजांच्या रात्री गेलेले एका मदरबोर्डचे लॅन पोर्ट, यूपीएसच्या तीन बॅटऱ्या, कॅबिनेटचा एक पंखा, एक हार्डडिस्क आणि आता ही रॅम अशी ती यादी झाली. प्रोसेसर एकही गेलेला नाही. पैसा कोठे घालायचा ते या यादीवरूनच ठरते : आधी वीज, मग मेमरी, मग डिस्क, आणि जे उरेल त्यात प्रोसेसर.

२५ फेब्रुवारी, रविवार

रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाचा विचार मी लवकरच सोडला, कारण मेमरी कार्ड आणि यूएसबीने जोडलेल्या डिस्क यांच्यावर हा साठा सोपवण्याची माझी तयारी नाही.

खरी तुलना इंटेल एन१०० आणि एएमडीचा रायझन ५ प्रो ४६५०जी यांच्यात होती. एन१०० मध्ये चार गाभे (कोअर) आहेत, त्याचे टीडीपी, म्हणजे ठरवलेली वीज-मर्यादा, केवळ ६ वॅट आहे, आणि तो मदरबोर्डवरच बसवलेला मिळतो, त्यामुळे मोठ्या पंख्याचीही गरज राहत नाही. एखाद्याला फक्त चित्रपट साठवायचे असतील तर मी त्याला हाच घ्यायला सांगेन. माझ्या कामासाठी मात्र त्यात दोन अडचणी दिसल्या. पहिली अशी की मी पाहिलेल्या कोणत्याही एन१०० मदरबोर्डावर ईसीसी, म्हणजे चूक ओळखून सुधारणारी, रॅम चालत नाही. दुसरी अशी की छोट्या बोर्डांवर डिस्क जोडण्याचे साटा पोर्ट एक किंवा दोनच असतात, आणि अधिक डिस्क जोडायच्या तर वेगळे कार्ड घालावे लागते. असे प्रत्येक जादा कार्ड ही बिघडू शकणारी आणखी एक वस्तू असते.

इंटेलच्या मोठ्या प्रोसेसरांत ईसीसी मिळते, पण त्यासाठी वर्कस्टेशनच्या चिपसेटचा बोर्ड लागतो, आणि तो येथे सहज मिळत नाही. एएमडीच्या एएम४ मालिकेत ही वाट सोपी आहे, पण तीत एक खाचखळगा आहे. अंगचे ग्राफिक्स असलेल्या, नावाशेवटी ‘जी’ अक्षर येणाऱ्या प्रोसेसरांपैकी ईसीसी फक्त प्रो प्रकारात चालते, साध्या ४६००जी किंवा ५६००जी मध्ये चालत नाही. ग्राफिक्स नसलेल्या रायझनमध्ये बोर्डाची साथ असेल तर ईसीसी चालते, पण यंत्र अडल्यावर पडदा जोडायला वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते. म्हणून ४६५०जी प्रो. त्याचे सहा गाभे माझ्या गरजेपेक्षा जास्तच आहेत, तरी दुसऱ्या कोणत्याही मार्गाने ईसीसी आणि पडदा या दोन्ही गोष्टी इतक्या स्वस्तात मिळत नाहीत.

विजेचा हिशोबही केला. एन१०० च्या तुलनेत हे यंत्र रिकामे असताना सुमारे १० वॅट अधिक घेईल असे धरले, तर वर्षाला साधारण ८८ युनिट अधिक जळतील, म्हणजे आमच्या दराने हजार रुपयांच्या आतबाहेर. चूक सुधारणाऱ्या मेमरीसाठी ही रक्कम मला मान्य आहे. प्रोसेसर मी मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावरील एका दुकानातून वापरलेला घेणार आहे. पिना सरळ असतील तर वापरलेला प्रोसेसर नव्याइतकाच चालतो असा माझा आजवरचा अनुभव आहे. एसएमपीएस, डिस्क आणि बॅटरी या वस्तू मात्र वापरलेल्या घ्यायच्या नाहीत.

मदरबोर्ड बी५५० चिपसेटचा, मायक्रो-एटीएक्स आकाराचा आणि चार साटा पोर्टांचा निवडला. त्याच्या माहितीपत्रकात ईसीसी प्रोसेसरनुसार चालते असे स्पष्ट लिहिले आहे. ज्या बोर्डाच्या पत्रकात ईसीसी रॅम फक्त ‘लावता येते’ असे लिहिलेले असते, तेथे ती साध्या रॅमसारखी चालून सुधारणा बंद राहू शकते, म्हणून हे वाक्य नीट वाचणे आवश्यक आहे.

३ मार्च, रविवार

ईसीसी रॅम आठ बाइटांच्या प्रत्येक ६४ बिटांमागे ८ बिट जादा ठेवते. त्यांच्या आधारे एक बिट उलटला तर तो जागच्या जागी दुरुस्त होतो आणि दोन बिट उलटले तर निदान चूक कळते. गूगलच्या यंत्रांवर झालेल्या २००९ सालच्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक रॅमपट्ट्यांत दुरुस्त करता येणारी किमान एक चूक आढळली होती. माझ्या घरात एक पट्टी आहे आणि ती चुकलेली आहे, त्यामुळे मला टक्केवारीची गरज उरलेली नाही.

फाइलप्रणाली स्वतः चेकसम ठेवत असेल तर ईसीसी कशाला, असा प्रश्न धाकट्या भावाने विचारला. त्याला मी असे सांगितले की चेकसम रॅममध्येच काढला जातो. डेटा त्याआधीच बिघडला असेल तर बिघडलेल्या डेटाचा अचूक चेकसम डिस्कवर लिहिला जाईल, आणि पुढे दहा वर्षे तपासणीत सर्व काही ठीक दिसेल. डीडीआर५ च्या चिपमध्ये अंतर्गत ईसीसी असते असेही तो म्हणाला. ते खरे आहे, पण ते चिपच्या आतल्या चुकांपुरते काम करते. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर जादा बिट नसतात, आणि लिनक्सला त्या दुरुस्तीची वार्ताही मिळत नाही.

बाजारात जुन्या सर्व्हरांची रजिस्टर्ड ईसीसी रॅम फार स्वस्त दिसते, परंतु ती एएम४ बोर्डात चालत नाही. ‘अनबफर्ड’ (म्हणजे रजिस्टर्ड नसलेली) हा शब्द पाहूनच घ्यावे लागते. १६ जीबीच्या दोन डीडीआर४-३२०० पट्ट्या मागवल्या असून दुकानदाराने तीन आठवड्यांची मुदत सांगितली आहे.

१० मार्च, रविवार

आजचा सगळा दिवस विजेत गेला.

घरात ट्युब्युलर बॅटरीचा साइन वेव्ह इन्व्हर्टर आहे, म्हणून सर्व्हर थेट त्यावर चालवता येईल का हे प्रथम पाहिले. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि इको असा खटका असतो, आणि आमचा इकोवर होता. जुना डेस्कटॉप त्यावर लावून मेन स्विच पाडला, तर तो लगेच पुन्हा सुरू झाला. खटका यूपीएसवर केल्यावर पाच वेळा मेन पाडूनही यंत्र टिकले. कारण सरळ आहे. वीज गेल्यावर एसएमपीएस आपल्या कपॅसिटरमधील साठ्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरते, आणि पन्नास हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचे असते. इकोवर बदल व्हायला याहून अधिक वेळ लागतो.

तरीही इन्व्हर्टरवर एकट्यावर विसंबता येत नाही, कारण बॅटरी संपत आली हे तो सर्व्हरला सांगू शकत नाही. म्हणून इन्व्हर्टरच्या लाइनवर एक लहान लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस ठेवायचा आणि तो यूएसबीने सर्व्हरला जोडायचा असे ठरवले. मी पाहिलेल्या सर्वांत स्वस्त ६०० व्हीएच्या यूपीएसना ही यूएसबी जोडणी नव्हती, त्यामुळे एक पायरी वरचा घ्यावा लागला. ज्यांच्याकडे स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल त्यांनी अशी जोडणी करण्यापूर्वी पडताळून पाहावे. पुष्कळ यूपीएस ती वीज खराब समजून स्वतःच्या बॅटरीवर जातात आणि ती संपेपर्यंत परत येत नाहीत.

एसएमपीएसची क्षमता मोजून ठरवली. प्रोसेसर फार तर ८८ वॅट घेईल, दोन डिस्क फिरू लागताना प्रत्येकी २५ वॅटच्या आसपास लागतील, आणि बाकी सगळे ३० धरले तरी एकूण १७० वॅटांपुढे जात नाही. एरवी भार ४० वॅटांच्याही आत राहील. इतक्या कमी भारावर मोठ्या एसएमपीएसची कार्यक्षमता घसरते, आणि ८० प्लस गोल्ड या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राची चाचणी २० टक्क्यांखालच्या भाराविषयी काहीच सांगत नाही. चांगल्या बनावटीत ४५० वॅटांहून लहान मला मिळाले नाही. ८० प्लसची खूण टिकाऊपणाची हमी देत नसल्यामुळे खूण आणि वॉरंटी दोन्ही पाहिल्या, आणि पाच वर्षांचे घेतले.

१६ मार्च, शनिवार

जुन्या यंत्राच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येत असत आणि आम्ही ते सवयीने चालवून घेतले होते. आज न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मल्टिमीटर लावला तर १७ व्होल्ट दिसले. अर्थिंग धड नसेल तर सर्ज प्रोटेक्टरने विजेचा झटका सोडायचा कोठे, हा प्रश्न उरतोच. कोकणातला जांभा उन्हाळ्यात कोरडा पडला की त्यात अर्थिंग धरत नाही. वायरमनदादांनी परसात केळीच्या आळ्याजवळ, जेथे जमीन कायम ओली असते, नवा खड्डा खणला, जीआय पाइप उभा केला आणि भोवती कोळसा व मिठाचे थर दिले. आता तेच माप २ व्होल्ट येते आणि झिणझिण्याही थांबल्या. या संपूर्ण प्रकल्पात याइतका उपयोगी लागलेला खर्च दुसरा नाही, आणि तो कोणत्याही संगणकाच्या दुकानात करता येत नाही.

२३ मार्च, शनिवार

डिस्क दोन, प्रत्येकी ४ टीबी, मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या, आरशासारख्या जोडलेल्या, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. एक डब्ल्यूडी रेड प्लस आणि दुसरी सीगेट आयर्नवुल्फ अशा मुद्दाम वेगळ्या घेतल्या, कारण एकाच खेपेतल्या दोन डिस्क एकाच दोषाने एकाच सुमारास जाण्याची भीती असते.

दोन्ही सीएमआर पद्धतीच्या, म्हणजे लेखनाचे पट्टे एकावर एक न चढलेल्या, आहेत याची खात्री केली. एसएमआर डिस्कमध्ये कौलांसारखे एकावर एक चढलेले पट्टे असतात, त्यामुळे मधला भाग बदलायचा तर शेजारचे पट्टे पुन्हा लिहावे लागतात, आणि आरसा नव्याने भरण्याचे काम अतोनात लांबते. डब्ल्यूडीच्या रेड मालिकेतील २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचे एप्रिल २०२० मध्ये उघड झाले आणि त्यानंतर कंपनीने सीएमआर डिस्कना ‘प्लस’ हे वेगळे नाव दिले, म्हणून तो एक शब्द पाहूनच मागणी नोंदवली.

नॅससाठीच्या (घरच्या नेटवर्कवरील साठवण-यंत्रांसाठीच्या) डिस्कचा आणखी एक गुण असा की खराब सेक्टर वाचताना त्या साधारण सात सेकंदांत प्रयत्न सोडून चूक कळवतात. साध्या डिस्क कधीकधी मिनिटभरही झटत राहतात, आणि लिनक्स ३० सेकंदांनी कंटाळून संपूर्ण डिस्कच बाद समजण्याची शक्यता असते.

लिनक्सच्या स्वतःच्या विभाजनासाठी क्रुशल एमएक्स५०० ही २५० जीबीची एसएसडी घेतली.

३१ मार्च, रविवार

आज प्रणालीचा निर्णय झाला. एक्सझेड या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या संकोचन प्रणालीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी हेतुपूर्वक चोरदरवाजा पेरल्याचे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने परवा, २९ मार्च रोजी उघड केले. एसएसएच या दूरून लॉगिन करण्याच्या सोयीने लॉगिन होताना सुमारे अर्धा सेकंद उशीर का होतो याचा त्यांनी शोध घेतला, त्यातून हे बाहेर आले. डेबियन या लिनक्स प्रकाराच्या चाचणी शाखांत या आवृत्त्या पोहोचल्या होत्या. डेबियन १२ मध्ये मात्र ५.४.१ ही जुनी आवृत्ती असल्याने ती सुरक्षित राहिली. नव्या कर्नलसाठी (लिनक्सच्या मूळ भागासाठी) चाचणी शाखा घ्यावी असा माझा विचार चालू होता, तो मी सोडला. डेबियन १२, कर्नल ६.१, आणि आपोआप फक्त सुरक्षेच्या सुधारणा.

फाइलप्रणालीसाठी झेडएफएस आणि बीटीआरएफएस यांपैकी दुसरी घेतली. झेडएफएसविषयी मला आदर आहे, परंतु डेबियनमध्ये तिचे मॉड्यूल कर्नल बदलला की नव्याने बांधावे लागते, आणि ज्या यंत्राकडे मी महिनोन्महिने पाहणार नाही त्यावर अशी हलती गोष्ट मला नको आहे. बीटीआरएफएस कर्नलमध्येच आहे. तिचे रेड (RAID, अनेक डिस्क एकत्र जोडण्याची पद्धत) ५ आणि ६ प्रकार वापरू नयेत असे तिच्या कर्त्यांनीच लिहिले आहे, पण मला लागणारा रेड १, म्हणजे आरसा, पक्का आहे. तिसरी प्रत यूएसबी डिस्कवर, मुद्दाम साध्या ईएक्सटी४ मध्ये, कऱ्हाडला ताईच्या घरी राहील, म्हणजे एकाच फाइलप्रणालीतील दोषाने सगळ्या प्रती जाणार नाहीत.

९ एप्रिल, मंगळवार, गुढीपाडवा

गुढी उभारून जेवण झाल्यावर जोडणीला बसलो आणि दिवेलागणीपर्यंत यंत्र सुरू झाले. कॅबिनेट साधे, समोर जाळी असलेले आहे. मागच्या आणि खालच्या छिद्रांना आतून नायलॉनची बारीक जाळी चिकटवली, कारण आमच्याकडे धुळीपेक्षा मुंग्या आणि पाली यांचा उपद्रव अधिक आहे. पुराची आठवण असल्यामुळे जागा माडीवरची, भिंतीतल्या फळीवर निवडली.

ईसीसी खरोखर चालते का, हे तपासल्याशिवाय पुढे जायचे नव्हते. हार्डवेअरची माहिती देणाऱ्या डीएमआयडीकोडने रॅमची एकूण रुंदी ७२ बिट आणि डेटाची रुंदी ६४ बिट दाखवली, कर्नलच्या नोंदीत रॅमच्या चुका मोजणारे ईडॅकचे मॉड्यूल जागे झालेले दिसले. एवढ्याने मात्र दुरुस्ती होत असल्याचे सिद्ध होत नाही. म्हणून डिस्क काढून ठेवल्या, बायोसमध्ये रॅमचा वेग तिच्या मर्यादेच्या थोडा वर नेला आणि रॅमवर भार टाकला. चाळीस मिनिटांत दुरुस्त झालेल्या चुकांचा आकडा शून्यावरून ३ वर गेला. फेब्रुवारीत जे यंत्र गप्प राहिले होते त्याच्या जागी हे यंत्र बोलले, आणि तो आकडा पाहून मला फार बरे वाटले. वेग पुन्हा मूळ मापावर आणला आणि अशा चुकांची नोंद ठेवणारा रासडिमन कायम चालू ठेवला.

रात्री दोन्ही डिस्कवर बॅडब्लॉक्सची लिहून वाचण्याची चाचणी लावली. चार नमुने, प्रत्येकाचे एक लेखन आणि एक वाचन, म्हणजे आठ फेऱ्या, सुमारे ६० तास.

१४ एप्रिल, रविवार

दोनपैकी एका डिस्कने चाचणीअंती ८ सेक्टर बदलल्याची नोंद दाखवली. आकडा लहान आहे, पण नव्या डिस्कने पहिल्याच आठवड्यात राखीव सेक्टर वापरायला काढावेत हे मला मान्य नाही. दुकानदाराने कुरकुर न करता बदलून देण्याचे कबूल केले. या साठ तासांशिवाय ही गोष्ट मला कधी कळली असती कोण जाणे.

५ मे, रविवार

माडीवर दुपारी ३६ अंश. बदलून आलेली डिस्क चाचणीत उत्तीर्ण झाली, पण दोन्हींचे तापमान ४६-४७ वर जात होते. समोर १२ सेंटिमीटरचा एक पंखा ९०० फेऱ्यांवर लावल्यावर ते ४१ वर आले. भिंतीतून घेतली जाणारी वीज ३८ वॅट, म्हणजे वर्षाला सुमारे ३३३ युनिट.

१९ मे, रविवार

काल वळवाच्या पावसात संध्याकाळी पावणेपाचला वीज गेली. इन्व्हर्टर रात्री २ वाजून १० मिनिटांनी संपला, यूपीएसने भार घेतला, आणि दहा मिनिटांनी यूपीएसवर लक्ष ठेवणाऱ्या नट या प्रणालीने सर्व्हर नीट बंद करायला घेतला. येथपर्यंत सारे ठरल्याप्रमाणे झाले. पण सर्व्हर बंद होत असतानाच वीज परतली. यूपीएसने पुरवठा तोडलाच नव्हता, त्यामुळे मदरबोर्डला वीज गेल्याचे आणि आल्याचे कधी दिसलेच नाही, आणि बायोसमध्ये ‘वीज येताच सुरू हो’ असे लावूनही यंत्र सकाळपर्यंत बंद राहिले.

यावरचा उपाय असा की बंद होण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात सर्व्हरनेच यूपीएसला पुरवठा तोडण्याची आज्ञा द्यावी. मग बाहेरची वीज असली तरी यूपीएस काही सेकंद पुरवठा तोडतो आणि पुन्हा देतो. नटमध्ये ही सोय आहे, मी ती चालू केली नव्हती. आज दुपारी ती लावून, सर्व्हर बंद होत असताना मुद्दाम वीज परत देऊन, चार वेळा तपासले. चारही वेळा यंत्र आपोआप सुरू झाले. अडकल्यास स्वतःला पुन्हा सुरू करणारा बोर्डावरचा वॉचडॉगही याच वेळी जागा केला.

९ जून, रविवार

दरमहाच्या तपासण्यांपैकी पहिली पूर्ण तपासणी काल रात्री संपली. सर्व फाइली वाचल्या गेल्या, चेकसमच्या चुका शून्य. ईडॅकचा आकडाही मूळ वेगावर आल्यापासून शून्यच आहे. त्या अकरांपैकी आठ फाइली जुन्या प्रतीवरून परत ठेवल्या. रोजनिशीची तीन पाने वरच्या अर्ध्या भागापुरतीच उरली आहेत. आईला आजोबांचे अक्षर लागते, म्हणून तिने ती काल भिंग घेऊन वाचली आणि वाचता आलेला मजकूर मी टंकित करून त्याच फोल्डरमध्ये ठेवला. तिसरी डिस्क पिशवीत घातली आहे. ताई बुधवारी कऱ्हाडला परत निघते, ती सोबत नेईल.